चारशे डॉलरची पिन

वहिनी, पदर घसरतोय बघा खांद्यावरून. थांबा, पिन देते. माझ्या बांगडीत दोन-तीन अडकवलेल्याच असतात, ऐन वेळी कुठे शोधत बसा! ही घ्या, कुंपणावरूनच. ज्यानं ही काढली ना, त्याची गोष्ट ऐकाल तर कपाळाला हात लावाल.

वॉल्टर हंट नाव त्याचं. न्यूयॉर्कचा. डोकं असं चालायचं की विचारू नका, पण खिसा कायम फाटका. कुणाचे तरी पंधरा डॉलर देणं लागत होता म्हणे. ते फेडायच्या विवंचनेत बसला तार वळवत. एका टोकाला वेढा घातला, तीच झाली स्प्रिंग. दुसऱ्या टोकाला आकडा; टोक त्यात स्प्रिंगच्याच जोरानं अडकून बसतं आणि बोचतही नाही. आपल्या पिनेला वर पत्र्याची टोपी असते, त्याची अख्खी एकाच तारेची. तसा काटा रोमन लोकही अंगरख्याला लावायचे, पण टोचण्याचा बंदोबस्त यानं केला. 10 एप्रिल 1849 ला पेटंट मिळालं आणि पठ्ठ्यानं सगळे हक्क चारशे डॉलरला देऊन टाकले! उधारी भागली, झालं. पुढचा पैसा दुसऱ्यांनी केला.

अहो, हे तर काहीच नाही. शिलाई मशीनसुद्धा यानं आधीच करून ठेवलं होतं, 1834च्या सुमारास. आपल्या मशीनच्या सुईला नेढं टोकाशी असतं बघा, हातशिलाईच्या सुईसारखं मागे नाही. वरचा दोरा सुईतून, खालचा शटलमधून, आणि दोन्हींची गाठ कापडात. ही सगळी करामत त्याच्या मशीनमध्ये होती. मुलीला म्हणाला, याच्यावर कॉर्सेट शिवायचा धंदा काढ. मुलगी म्हणाली, नको बाबा, हातानं शिवणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येईल. ऐकलं त्यानं! पेटंटचा अर्जच केला नाही.

मुलीचं मन मोठं, मी नाव ठेवणार नाही. शिवणारणींचं हातावरचं पोट, तिला कळवळा आला. पण मशीन थोडंच थांबतंय? 1846 साली इलायस हाव नावाच्या गृहस्थानं पेटंट घेतलं, मागून सिंगर आला, आणि दोघांची कोर्टबाजी जुंपली. तेव्हा सिंगरला हंटची आठवण झाली. हावच्या आधी कुणी मशीन केलं होतं, एवढंच त्याला दाखवायचं होतं. पेटंट खात्यानं मान्य केलं की पहिला हंटच. पण इतकी वर्षं गप्प का बसलात म्हणून पेटंट नाकारलं ते नाकारलंच. शेवटी सिंगरनं पन्नास हजार डॉलर द्यायचं कबूल केलं, तर पैसे हातात पडायच्या आत 1859 मध्ये हंटच गेला. नशीब म्हणायचं की अव्यवहारीपणा? मी तर म्हणते अव्यवहारीपणाच.

म्हणून सांगते वहिनी, तुमचे चिरंजीव गॅरेजमध्ये नारळ सोलायचं यंत्र जोडतायत ना? कालच आमच्या ह्यांना हौसेनं चालवून दाखवत होते. त्यांना म्हणावं, गावभर दाखवत फिरू नका. आधी अर्ज टाका. पेटंटचं कार्यालय मुंबईतच आहे, अँटॉप हिलला.