आधीवाले

सिअ‍ॅटलमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ‘पर्ल जॅम बँड आवडतो का?’ असं सहज म्हणून विचारू नये. विचारायचंच असेल तर जेवून घ्यावं.

उत्तर हो किंवा नाही असं येत नाही. आधी एक उसासा येतो आणि मग, “तू कधीपासून ऐकतोस?” तुम्ही प्रामाणिकपणे १९९१ म्हणालात की संपलं. समोरचा आधीवाला असतो, आणि त्याच्या मते १९९१ हे ग्रंजच्या, म्हणजे इथल्या त्या खास रॉक संगीताच्या, तेराव्याचं साल.

हा इसम दिसायला निरुपद्रवी. अंगात चौकडीचा फ्लॅनेल शर्ट, पिकलेली दाढी आणि गळ्यात एका बलाढ्य कंपनीचं ओळखपत्र. ते ओळखपत्र छातीवर हेलकावत असतानाच तो ‘कॉर्पोरेट’ हा शब्द थुंकल्यासारखा उच्चारतो. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेतून हलला तेव्हाच संपला, असं सांगणारे काका मला पुण्यात भरपूर भेटले आहेत, त्यामुळे परदेशात येऊनही मला या माणसाशी बोलताना परकं वाटलं नाही.

आधीवाल्याचं मूळ शास्त्र सोपं आहे: सगळं छान होतं, पण एका तारखेपर्यंत. ही तारीख समोरचा बघून सरकते. तुम्ही १९९१ म्हणालात तर तो १९८८ वर जाऊन मडहनी या बँडची पहिली तबकडी काढतो. १९८८ तुम्हालाही ठाऊक निघालं तर तो १९८६ च्या ‘डीप सिक्स’ या संग्रहापर्यंत मागे सरतो. त्या संग्रहात साउंडगार्डन, मेल्व्हिन्स, ग्रीन रिव्हर असे सहा बँड होते. त्यातला ग्रीन रिव्हर पुढे फुटला. मार्क आर्म आणि स्टीव्ह टर्नर यांनी मडहनी काढला. जेफ अमेंट आणि स्टोन गोसार्ड यांची चूल वेगळी झाली, ती मदर लव्ह बोनची. त्यांचा गायक अँड्र्यू वुड मार्च १९९० मध्ये गेला आणि मागे राहिलेल्यांतून पर्ल जॅम उभा राहिला. ही भाऊबंदकी आधीवाला इतक्या कडवटपणे सांगतो की वाटणीत याचाही एखादा गुंठा गेला असावा अशी शंका येते.

त्याचा पहिला आरोप म्हणजे गायक बाहेरचा. एडी व्हेडर सॅन डिएगोहून आला. तिथे तो पेट्रोल पंपावर रात्रपाळी करायचा. चालींची कॅसेट हातात पडल्यावर त्यावर स्वतःचा आवाज भरून त्याने ती परत पाठवली आणि नोकरी मिळवली. निर्वाणा बँडचा कर्ट कोबेनसुद्धा सिअ‍ॅटलचा नव्हता, दूरच्या अ‍ॅबर्डीनचा होता, हे लक्षात आणून दिलं की आधीवाला म्हणतो, “ते वेगळं.” तो स्वतः १९९३ मध्ये ओहायोहून इथे आला, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं.

दुसरा आरोप ‘टेन’ या पहिल्या अल्बमवर. त्यात आवाज फार घुमतो म्हणे, विहिरीत बसून गायल्यासारखा. हे खोटं नाही, खुद्द बँडलाही ते खुपत होतं. म्हणून २००९ मध्ये ब्रेंडन ओ’ब्रायनकडून त्यांनी अल्बमचं मिश्रण नव्याने करून घेतलं आणि घुमारा काढून टाकला. अठरा वर्षं घुमाऱ्याला शिव्या देणाऱ्या माणसाने ते ऐकलं आणि म्हणाला, “आत्माच काढून घेतला!”

तिसरा आरोप विकले गेल्याचा. इथे मात्र मला बँडचं वकीलपत्र घ्यावंसं वाटतं. ‘जेरेमी’च्या व्हिडिओला १९९३ मध्ये एमटीव्हीची चार पारितोषिकं मिळाली. त्यानंतर या मंडळींनी पुढची काही वर्षं व्हिडिओ काढणंच बंद केलं. त्याच वर्षी आलेला दुसरा अल्बम पाच दिवसांत साडेनऊ लाखांच्या घरात खपला. एवढ्या खपावर कोणीही बंगले बांधले असते. हे तिकीटमास्टर या कंपनीच्या तिकिटांवरच्या वाढीव आकाराविरुद्ध उभे राहिले. १९९४ मध्ये गोसार्ड आणि अमेंट अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला गेले. पुढल्या वर्षी सरकारने तिकीटमास्टरची चौकशी गुंडाळली. आधीवाल्याचा निकाल: “भांडले ते प्रसिद्धीसाठी. आणि वर हरलेसुद्धा.”

मडहनीलाही १९९२ मध्ये मोठ्या कंपनीने करारबद्ध केलं होतं. पण मार्क आर्म पुढे सब पॉप या छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या गोदामात व्यवस्थापक म्हणून काम करू लागला, त्यामुळे तो पवित्र. कलावंताने खोकी उचलली की आधीवाल्याचे डोळे भरून येतात.

कोबेनने मुलाखतींतून पर्ल जॅमची यथेच्छ टिंगल केली होती, ती याला मुखोद्गत आहे. १९९२ च्या एमटीव्ही सोहळ्यात रंगमंचामागे कोबेन आणि व्हेडर एकमेकांना धरून संथ नाचले होते, ते मात्र त्याला आठवत नाही. माझ्या मते खरी अडचण या दोन बँडच्या पत्रिकेत आहे. निर्वाणाने तीन स्टुडिओ अल्बम केले आणि सत्ताविसाव्या वर्षी कोबेन गेला. चौथा अल्बम कंटाळवाणा निघण्याची सोयच उरली नाही. पर्ल जॅम मात्र जगला. २०२४ मध्ये त्यांचा बारावा अल्बम आला. मधले दोन-तीन एकमेकांत मिसळून गेले तरी फारसं कळणार नाही, हे मीही मान्य करतो. पण रोज रात्री वेगळी गाणी, वेगळा क्रम, हा त्यांचा खरा पराक्रम. २००० च्या दौऱ्यातल्या ७२ मैफली त्यांनी स्वतःच सीडींवर काढून चोरून रेकॉर्ड करणाऱ्यांच्या पोटावर पाय दिला. आधीवाल्याकडे त्यातल्या बऱ्याच आहेत. “पुरावा म्हणून,” तो म्हणतो.

नोव्हेंबर १९९२ मधल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या गमतीवर मात्र सगळे आधीवाले एक होतात. ग्रंजवाल्यांची खास बोली छापायची म्हणून बातमीदाराने सिअ‍ॅटलला फोन लावला. पलीकडे सब पॉपमध्ये पूर्वी काम केलेली मेगन जॅस्पर होती. तिने बसल्या जागी शब्द रचून दिले आणि ते जसेच्या तसे छापून आले. आमच्या गावाने न्यूयॉर्कला कसं बनवलं, हे सांगताना आधीवाल्याला हसू आवरत नाही. मग आवाज खाली आणून म्हणतो, “अर्थात, त्यातले दोन शब्द आम्ही आधीपासून वापरायचो.”

बॅलर्डमधल्या एका बारमध्ये याचं हे कीर्तन रंगात आलं होतं. शेजारी ऐंशीच्या घरातले एक टॅकोमाचे आजोबा बसलेले. ‘डीप सिक्स’चं नाव निघाल्यावर त्यांनी ग्लास खाली ठेवला.

“पोरा, सोनिक्स ऐकलेस का? टॅकोमाचे. १९६४. हा सगळा गोंगाट त्यांनी तेव्हाच करून ठेवलाय.”

आधीवाल्याचा चेहरा इतका पडला की मीच त्याच्यासाठी आणखी एक बिअर मागवली. “ऐकलेत,” तो कसाबसा म्हणाला. “थोर बँड.”

“थोर होते. हॉलिवूडला रेकॉर्डिंगला गेले आणि संपले,” आजोबा म्हणाले. “तुमच्यातला तो पर्ल जॅम मात्र मला आवडतो. नातीने ऐकवला. चांगली पोरं आहेत.”

आता साक्षात त्याच्याही आधीचा माणूस बोलला होता. खोडणार कसं? आधीवाल्याने दाढी खाजवली, बिअरचा घोट घेतला, माझ्याकडे न बघता छताकडे बघितलं.

“हो, म्हणजे, मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो,” तो म्हणाला.