जीपराव

आमच्या सिडकोत जीपराव राहतात. खरं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त लाइट बिलावर येतं. गंमत म्हणजे त्यांच्याकडे जीप नाही. ती घ्यायची आहे, आणि हे आम्ही सहा वर्षं ऐकतोय.

त्यांचं मेकॅनिकपण स्कूटरवर सुरू झालं. नळाला पाणी यायचं होतं, नेमक्या त्याच दिवशी त्यांनी ती टाकीजवळ उघडली, परत जोडली, आणि तीन नट उरले. स्कूटर चालू झाली. "जास्तीचेच होते," जीपराव म्हणाले. तेव्हापासून त्यांना अशी गाडी हवी आहे जी बिघडेल, पण आपल्याला दुरुस्त करता येईल इतपतच. नवी गाडी वर्ज्य. "बॉनेट उघडलं की वर प्लॅस्टिकचं झाकण. खाली काय चाललंय ते लॅपटॉपलाच ठाऊक!"

विलिसचं नाव घेताना त्यांचा आवाज गाभाऱ्यात शिरल्यासारखा खाली येतो. दुसऱ्या महायुद्धातली गाडी. महिंद्रांनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली. पण अस्सल सुटे भाग शोधण्यात निम्मा जन्म जाईल, आणि निम्मा वाळूजच्या शिफ्टमध्ये आधीच गेलाय. मग जोंगा. जबलपूरच्या लष्करी कारखान्यातली, निसानच्या परवान्यावर बनलेली, सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन. "लिटरला किती देते?" वहिनींनी विचारलं. जीपराव खिडकीबाहेर बघू लागले. जिप्सी 1985 ची, सुरुवातीचं इंजिन 970 सीसीचं, वजनाला हलकी. पण कार्बोरेटर म्हणजे घड्याळजीचं काम. उरली एमएम 540. प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन. स्पार्क प्लग नाही, कार्बोरेटर नाही. म्हणजे चुकायला दोन जागा कमी. डिझेल पंप मात्र उघडायचा नाही, तो मशीनवरच सेट होतो, एवढं शहाणपण त्यांच्यापाशी आहे.

एका रविवारी मला सोबत घेऊन ते शहागंजच्या पुढे एका गॅरेजात गेले. एमएम 540 उभी होती, मागच्या पत्र्यावर लाल रंगात 'फोर बाय फोर'. जीपरावांनी आधी आरसी पाहिली. पंधरा वर्षांनंतरचं रीपासिंग झालंय का, चेसिस नंबर जुळतो का. मग खिशातून लोहचुंबक काढलं. वहिनींच्या फ्रिजवरचा अजिंठ्याचा पद्मपाणी! चिकटला तर पत्रा, नाही तर वर भरलेली लांबी. डाव्या मडगार्डवर पद्मपाणी क्षणभर टेकला आणि अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी घसरत घसरत मातीत आला.

जीपराव गाडीखाली शिरले. खालून आवाज आला, "पुढचा शाफ्ट कुठंय?"

"डिझल बहुत खारी थी साब," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "निकाल के रख दिए."

म्हणजे फोर बाय फोरचा दांडा होता, खालचा गिअरबॉक्स होता, पण इंजिनाचा निरोप पुढच्या चाकांना सांगणारा शाफ्टच नव्हता. गाडी दोनच चाकांवर संसार ओढत होती.

"लेनी है की देखनी है साब?"

"शिकायचीय," जीपराव म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले.

मिस्त्रींनी कोपऱ्यातून पोत्यात गुंडाळलेला शाफ्ट आणून त्यांच्या पुढ्यात टाकला. "दोनों क्रॉस बदलना. बैठो."

तेव्हापासून दर रविवारी जीपराव तिथेच असतात. वेरूळचं कैलास लेणं दगड काढत काढत, वरून खाली झालं. जीपरावांची पद्धतही काढत जाण्याचीच. फक्त त्या कारागिरांना कुठे थांबायचं ते ठाऊक होतं. वहिनी मात्र खूश आहेत. कर्ज नाही, पार्किंगची भांडणं नाहीत, जीप घरी येते ती शर्टावरच्या डागांतून.

गेल्या रविवारी त्या गाडीला खरंच गिऱ्हाईक आलं. चांगलं खिशात पैसे घेऊन आलेलं. त्याने दार उघडलं, सीटवर बसून स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडीखालून जीपराव ओरडले, "घेऊ नका हो, हिला पुढचा शाफ्टच नाही!"

शाफ्ट त्यांच्या छातीवर होता.