शून्यावरचा काटा

मद्रासला १९५५ साली बुलेटची जुळणी सुरू झाली; तिच्याविषयीचे गैरसमज मात्र तेव्हापासून गावोगाव जुळवले जातात. त्यातला माझा सर्वात लाडका गैरसमज जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर, चावीशेजारी बसलेल्या अ‍ॅमीटरचा. मध्ये शून्य, एका अंगाला अधिक, दुसऱ्या अंगाला उणे. काटा शून्यावर दिसला की स्वाराचा चेहरा उतरतो: बॅटरी गेली! खरं तर बॅटरीत किती शिल्लक आहे हे अ‍ॅमीटर सांगतच नाही. आत्ता तिच्यात करंट शिरतोय की बाहेर पडतोय, एवढंच सांगतो. पासबुकातली शिल्लक वेगळी आणि आजची उलाढाल वेगळी, तसंच हे. बॅटरी भरलेली आणि दिव्याबत्तीचा खर्च अल्टरनेटर भागवतोय, मग काट्याने जावं तरी कुठे? पुरावा हवा तर तेलंगणातल्या निर्मलहून नेरडीगोंड्याला निघालेली बुलेट पाहावी. महबूब घाटात इंजिनाचे फेरे चढलेले, म्हणून काटा अधिककडे. बॅटरीची तूट भरत गेली की निमूट मध्ये. नेरडीगोंड्याला हायवेच्या कडेला, दिवा चालू ठेवून इंजिन मंद धडधडत ठेवलं, की काटा उणेत. कुंटाला धबधब्याकडे वळताना इंडिकेटर दिला, तर त्याच तालात मान हलवणार.

यावर कोणी म्हणेल, शून्य जर शुभ, तर मेलेला मीटरही रोज शुभवार्ताच देणार. रास्त आहे. शिवाय हा मीटर करंटच्या वाटेतच बसलेला. मागचा नट ढिला झाला की अख्खी गाडी मूग गिळून बसते. मग मेकॅनिक दोन्ही वायरी एकमेकींना बांधून देतो आणि काटा सेवानिवृत्त होतो. पण चावी फिरवून ब्रेक दाबून बघा: जिवंत काटा दचकतो, निवृत्त दचकत नाही. मग व्होल्टमीटरच का लावू नये? लावावा की, बारा व्होल्टच्या चालत्या गाडीत चौदाच्या आसपास व्होल्ट दिसले म्हणजे चार्जिंग ठीक. पण अ‍ॅमीटरचं एक कसब त्याला नाही. ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट असलेल्या जुन्या बुलेटचे दिवे बंद ठेवून, चावी देऊन किक पायाने अलगद दाबत न्यावी. पॉइंट मिटलेले असताना काटा उणेत असतो. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाशी आला की पॉइंट उघडतात आणि काटा टुणकन मध्ये येतो. तिथे थांबायचं, सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, मगच किक. हे न बघता लाथा घालणाऱ्याला बुलेट उलट लाथ घालते, आणि तो लंगडत मेकॅनिककडे जाऊन सांगतो, बॅटरी डाउन आहे.