रेक्टिफायवाले आप्पा

आप्पांकडे तक्रार घेऊन गेलं की ते आधी बसायला सांगतात, मग चहाचं विचारतात, आणि चहा येईपर्यंत आपलं सगळं म्हणणं ऐकून घेऊन म्हणतात, "ते ठीक आहे. पण तुम्हाला नक्की हवंय काय? रिपेअर, रेक्टिफिकेशन, की रिड्रेसल?" लिफ्टचं दार लागत नाही एवढंच सांगायला आलेला माणूस इथे गडबडतो. काही जण "राहू द्या" म्हणून जिन्याने घरी जातात.

आप्पा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. डोंबिवलीत अशा आप्पांची वाण नाही, पण आमचे जरा पुढचे. केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीत त्यांची हयात गेली. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका इंग्रजीत लिहून काढण्यात गेली. ऑडिटचा पॅरा कधी सुटत नाही. तो 'सेटल' होतो, नाहीतर 'ड्रॉप' होतो. हा फरक जन्मभर सांभाळलेला माणूस निवृत्त झाला म्हणून तो सोडून देईल, ही अपेक्षाच चूक.

जगात मुळात बिघाड कमी, चुकीच्या क्रियापदामुळे चिघळलेले बिघाड जास्त, असं त्यांचं मत आहे. वस्तू मोडली तर रिपेअर. कागदावर चूक झाली तर रेक्टिफाय. पुराव्यादाखल १९६१ च्या आयकर कायद्याचं १५४ वं कलम तयार असतं. रेकॉर्डवरून उघड दिसणारी चूक तिथे रेक्टिफाय करून मिळायची, "रिपेअर केलेलं रिटर्न कुणी पाहिलंय?" गणित सॉल्व्ह होतं, भांडण होत नाही. ग्राहकांसाठी १९८६ च्या कायद्याने जे मंच उभे राहिले त्यांच्या नावात रिड्रेसल आहे, रिपेअरिंग नाही. आणि हक्कावर गदा आली तर रेमेडी. या शब्दाला आप्पा खुर्चीतून उठतात. घटनेचं ३२ वं कलम रेमेडीचं, बाबासाहेबांनी ज्याला घटनेचा आत्मा म्हटलं ते. "तिथे सोल्यूशन लिहिलं असतं तर?" असं विचारून ते आपल्याकडे अशा नजरेने बघतात, की देश थोडक्यात वाचला असं आपल्यालाही वाटू लागतं.

'फिक्स'शी मात्र त्यांचं उभं वैर. "आपल्याकडे लग्न फिक्स होतं, मॅच फिक्स होते, पैसे फिक्समध्ये टाकतात. यातलं काय बिघडलं होतं?" मॅच बिघडली होती, असं मी एकदा म्हणालो. "ती फिक्स झाल्यावर बिघडली," आप्पा म्हणाले. मी चहा संपवला.

त्यांच्या कपाटात शाळेपासूनचं रेन अँड मार्टिन आहे, आणि शेजारी रॉजेचा थिसॉरस. रॉजे पेशाने डॉक्टर. १८५२ साली त्याचा ग्रंथ छापून आला तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता, ही गोष्ट आप्पा निवृत्त मंडळींना आवर्जून ऐकवतात. अर्नेस्ट गॉवर्सचं 'प्लेन वर्ड्‌स'ही आहे. ब्रिटिश सरकारी नोकरांनी साधं, सरळ लिहावं म्हणून १९४८ मध्ये निघालेलं ते पुस्तक. आप्पांनी त्यातलं सगळं उचललं, साधेपणा तेवढा राहून गेला.

इंग्रजीत ठरावालाही रिझोल्यूशनच म्हणतात, हा त्यांचा सगळ्यात मोठा आधार. कमिटीने ठराव केला की त्यांच्या वहीत त्या प्रश्नापुढे 'रिझॉल्व्हड' असं लिहिता येतं, आणि व्याकरणाने ते खोटंही ठरत नाही. आमच्या सोसायटीचे पार्किंग, कुत्री आणि पाण्याची वेळ हे तिन्ही प्रश्न असे दरवर्षी सुटतात.

गेल्या पावसाळ्यात २०२ च्या काकूंच्या स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं. काकूंनी तक्रारवहीत इंग्रजीत लिहिलं: 'प्लीज सॉल्व्ह माय लीकेज.' आप्पा वही घेऊन त्यांच्या दारात.

"वहिनी, लीकेज सॉल्व्ह होत नाही. ते अरेस्ट होतं."

"मग पोलिसांना सांगू का?"

काकूंनी गॅसच्या शेगडीशेजारी एक पातेलं मांडलं आणि आप्पा वरच्या ३०२ ला पत्र लिहायला बसले. त्या पत्राचे किती खर्डे झाले ते त्यांचं त्यांना ठाऊक. 'रिपेअर' लिहावं तर काय मोडलंय आणि ते कुणाचं आहे, हे आपणच ठरवून मोकळे झालो. 'रेक्टिफाय' लिहावं तर चूक तुमची, असा आरोप. शेवटी 'अटेंड टू'वर गाडी थांबली. "अटेंड म्हणजे हजर राहणं," ते मला म्हणाले. "लग्नालाही आपण अटेंडच राहतो. हुंड्या-मानपानाची जबाबदारी येते का?"

इथे आप्पांची बाजू घ्यायला हवी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत गळतीच्या खर्चाची वाटणी करून ठेवलेली आहे. घरातल्या संडास-बाथरूम, सिंकमधून पाणी झिरपलं तर खर्च त्या सदनिकावाल्याचा. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून आलं तर सोसायटीचा. पाणी कुठून येतंय हे कळायच्या आधी एक क्रियापद इकडचं तिकडे झालं तर दहा-वीस हजारांचा भुर्दंड कुणाच्या तरी गळ्यात पडतो. आप्पांची चिकित्सा हा निव्वळ चाळा आहे असं समजणाऱ्यांनी एकदा गळतीचं बिल भरून पाहावं.

३०२ मध्ये एक आयटीवाला मुलगा राहतो. त्याने पत्र वाचून ग्रुपवर टाकलं, 'इश्यू अ‍ॅड्रेस्ड.' आप्पांनी खाली लिहिलं, 'पत्ता लिहिला म्हणजे पत्र पोचलं का?' दुसऱ्या दिवशी मुलाने लिहिलं, 'रिझॉल्व्हड.' आता आप्पा जिना चढून वर गेले. भांडण ऐकायला आम्ही दोघे-तिघे मागोमाग गेलो, तर वर निराळंच चाललेलं.

"काका, आमच्याकडे रिझॉल्व्हड आणि क्लोज्ड वेगळं असतं."

"कसं?"

"ज्याने काम केलं त्याला वाटलं की झालं, तर रिझॉल्व्हड. ज्याने तक्रार केली त्याला वाटलं की झालं, तर क्लोज्ड."

आप्पांचा चेहरा असा फुलला, की नातू झाला तेव्हाही मी तो इतका फुललेला पाहिला नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पॅच म्हणजे काय, वर्कअराउंड म्हणजे काय, रूट कॉज कशाला म्हणतात, सगळं खोदून खोदून विचारलं आणि डायरीत उतरवून घेतलं. जेवायच्या वेळी खाली आले ते थेट काकूंकडे. पातेलं तोवर काठोकाठ भरलं होतं. आप्पा त्याच्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "वहिनी, हे तुमचं वर्कअराउंड."

"ते दुधाचं पातेलं आहे," काकू म्हणाल्या. "आणि आप्पा, उद्या सकाळी प्लंबर आला नाही तर ते मी तुमच्या टेबलावर आणून ओतीन."

प्लंबर आला. त्याने ३०२ च्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपच्या तोंडाशी नीळ कालवलेलं पाणी ओतलं आणि खाली येऊन काकूंच्या छताकडे मान वर करून उभा राहिला. मधल्या वेळात आप्पांनी त्याला अरेस्ट आणि स्टॉप यांतला फरक समजावून दिला. तासभराने जे टपकलं ते पहिल्यासारखंच मातकट. निळीचा मागमूस नाही. मग तो खिडकीतून अर्धा बाहेर वाकला. सामाईक पाइपाच्या जोडात पिंपळ उगवला होता, बोटभर जाड. मुळांनी जोड फोडला होता आणि पाणी भिंतीतून आत येत होतं. पिंपळ उपटायचा म्हणून काकूंनी आधी त्याला हात जोडले, मग प्लंबरला म्हणाल्या, "आता ओढ."

म्हणजे खर्च सोसायटीचा. खजिनदारांचं तोंड कडू झालं, पण आप्पा हवेत. 'रेक्टिफाय' लिहून बसलो असतो तर त्या पोराला माफीपत्र द्यावं लागलं असतं, हे त्यांनी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना सांगितलं. काकूंनी छताला हात लावून पाहिला, दोन दिवस थांबून पुन्हा पाहिला आणि वहीत स्वतःच्या हाताने 'क्लोज्ड' लिहिलं. आयटीवाल्याने ग्रुपवर अंगठा दाखवला.

राहिलं बिल. प्लंबरने बिलबुकातल्या पानावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'लीकेज सॉल्व्ह, पिंपल रिमूव्ह, ३,५००.' आप्पांनी चष्मा पुसला. "पिंपलचं मी समजून घेतो," ते म्हणाले, "पण सॉल्व्ह?" प्लंबर म्हणाला, साहेब, तुम्हीच काय ते लिहा, मी सही करतो. आप्पांनी लाल शाईने 'अरेस्टेड' केलं. खाडाखोड असलेलं बिल चालणार नाही, म्हणून खजिनदारांनी ते परत केलं.

आठवड्याने प्लंबर नवीन बिल घेऊन आला. लीकेज अरेस्टेड, ३,५००. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती: व्हिजिट, २००. नव्या बिलासाठी पुन्हा यावं लागलं, त्याचे. आप्पांनी ती ओळ दोनदा वाचली. 'व्हिजिट' हा शब्द त्यांना अगदी चपखल वाटला, आणि त्यांनी बिल जागच्या जागी मंजूर केलं.