गुडघ्याचा हमीभाव

अँड्र्यू स्कॉट, मार्टिन एलिसन आणि डेव्हिड सिंक्लेअर या तिघांनी 2021 साली ‘नेचर एजिंग’मध्ये एक हिशेब मांडला. म्हातारपणाची चाल मंद करून अमेरिकेचं आयुर्मान एका वर्षाने वाढवलं, तर त्या वर्षाची किंमत 38 लाख कोटी डॉलर! ही रक्कम कुणाच्या तिजोरीत पडणार नाही बरं का. धडधाकट जगायला मिळावं म्हणून माणसं किती मोजायला तयार होतील, त्याचा हा अंदाज.

मग भंडाऱ्यात अशा वर्षाला काय भाव चाललाय? सरकारी भाव उघड आहे. श्रावणबाळ योजनेत म्हाताऱ्यांना महिन्याला 1,500, म्हणजे वर्षाला 18,000 रुपये. धानाच्या 2025-26 च्या हमीभावाने, क्विंटलला 2,369 धरून, साडेसात क्विंटल. तेही वय 65 झालेलं आणि घराचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असेल तर. लाडकी बहीण 65 ओलांडते आणि श्रावणबाळाची आई होते; रक्कम तीच. वर दरवर्षी हयातीचा दाखला. चिखलाने अंगठ्याच्या रेघा पुसल्या असतील, तर मशीन तिला ओळखतही नाही.

आता हे 65 कुणाचं? आखाडात लाखांदूर-पवनीकडच्या बांध्यांत बघा. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हाताने खोचत खोचत बाया मागे सरकताहेत. दिवसभर कंबर सरळ नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. पन्नाशीच्या आतच उठताना हात गुडघ्यावर जातो. तिचे कागद तपासणारा तहसीलमधला बाबू 58 ला निवृत्त होतो, खुर्चीवर बसून. ती त्याच्यानंतर सात वर्षांनी सरकारदरबारी म्हातारी होते! पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट, हे खरं. पायरी तेवढी चढता आली पाहिजे.

गंमत पुढेच आहे. म्हातारपण लांबणीवर टाकता येतं का, हे तपासायला न्यूयॉर्कचे डॉ. नीर बार्झिलाय ज्या गोळीची चाचणी घेऊ पाहताहेत, ती मेटफॉर्मिन. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगरवाल्यांना फुकट मिळते तीच. पेटंट कधीच संपलंय, कंपन्यांना त्यात नफा नाही, म्हणून चाचणीला पैसा मिळता मिळत नाही. किंमत लाखो कोटींची आणि गिऱ्हाईक एकही नाही!

गोळीचं राहू द्या, गुडघ्यांसाठी रोवणीयंत्र आणा, असं कुणी सुचवेल. आणा; पण त्याने गुडघे वाचतील आणि मजुरी जाईल, तेव्हा तेवढ्याने भागत नाही. जिल्ह्याच्या तिन्ही आमदारांनी नागपूरच्या अधिवेशनात एवढंच मागावं: शेतमजूर बाईला श्रावणबाळ 58 व्या वर्षी लागू करा, बाबूच्या बरोबरीने.