निर्मळला घर? अगं बाई, तुम्हीसुद्धा!

ऐकलंत का? रविवारी सकाळी वसईच्या पट्ट्यातल्या आमच्या निर्मळच्या तळ्याकाठी एक पांढरी गाडी येऊन थांबली. आधी उतरली लहान मुलांची सायकल, मग ती चालवणारी चार वर्षांची चिमुरडी, मग तिचे आईबाबा, मग गॉगलवाला एजंट आणि शेवटी, सांगायलाही लाज वाटते, लॅपटॉप. शंकराचार्यांच्या समाधीमंदिरासमोर, गाडीच्या बॉनेटवर, उघडा लॅपटॉप!

कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा भरते, तेव्हा लोक इथं तांब्यापितळेची भांडी घ्यायला येतात. हंडा घ्यायचा तर आधी टिचकी मारून नाद ऐकायचा, उलटा करून तळ बघायचा, मग भावाला बसायचं. आता लोक अख्खं गाव घ्यायला येतात आणि टिचकीसुद्धा मारत नाहीत. कलियुग म्हणतात ते हेच असावं.

एकच जोडपं असतं तर मी गप्प बसले असते. (खोटं आहे, पण असो.) दिवाळीपासून मोजलं तर अशा गाड्या बोटांवर मोजायच्या पलीकडे गेल्या आहेत. कुणी अंधेरीचे, कुणी गोरेगावचे, एक तर चक्क पार्ल्याचे. पार्ल्याचे लोक पार्ला सोडून विरारच्या गाडीत बसणार, ही बातमी मी नाक्यावर सांगितली तेव्हा रिक्षावाल्यानं मीटर बंद करून ऐकली. सगळ्यांची कहाणी एकच. घरात लहान मूल, मुलाला सदा खोकला, समोरच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट, खिडकी उघडली की सिमेंटची धूळ. ऑफिस आठवड्यातून दोन-तीनदाच. मग रात्री मोबाइलवर रील दिसते: केळीची बाग, उतरत्या कौलांचं घर, मागे चर्चची घंटा. झालं! रविवारी गाडी तळ्यावर हजर.

हे लॅपटॉपवालं जोडपं मात्र लांबच्या नात्यातलं निघालं, म्हणून चहाला घरी आणावं लागलं. चिमुरडीच्या आईनं आल्याआल्या लॅपटॉपवर तक्ता दाखवला. डाव्या बाजूला मीरा रोड, बदलापूर, पनवेल, डोंबिवली, विरार, निर्मळ. वर रकाने: शाळा, स्टेशन, बालरोगतज्ज्ञ, बाग, हवा आणि व्हाइब. व्हाइबच्या रकान्यात निर्मळला दहापैकी नऊ. कशाबद्दल म्हणून विचारलं, तर म्हणे, "काकू, येताना एक आजी दिसल्या. लाल लुगडं, डोक्यावर टोपली. इतकं छान वाटलं!"

अहो, त्या आजी आमच्या केळीवाल्या आहेत. त्यांना व्हाइब म्हटलेलं कळलं तर टोपली खाली ठेवून उत्तर देतील, तेही आमच्या कादोडी बोलीत, आणि ते तुमच्या तक्त्यात मावणार नाही.

मी तक्ता उजवीकडे सरकवून बघितला, डावीकडे सरकवून बघितला. एक रकाना कुठेच नव्हता. पाणी.

निर्मळ नावाच्या गावात घर घ्यायचं आणि पाण्याचा रकाना नाही! मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात एजंट बोलायला लागला. त्याचं व्याकरण वेगळंच असतं. त्यात फक्त भविष्यकाळ. "इथं ना मॅडम, सागरी सेतू येणार. उत्तन ते विरार. बुलेट ट्रेनचं विरार स्टेशन येणार. अलिबाग कॉरिडॉर येणार. मेट्रो येणार." मधे श्वास घ्यायला थांबला तेव्हा मी विचारलं, "आलंय काय?" तर म्हणाला, "रो-रो." ते मात्र खरं. वसई ते भाईंदर रो-रो 2024 मध्ये सुरू झाली. गाडीसकट खाडी ओलांडता येते. पण ती गाठायलाही निर्मळहून आधी वसईच्या जेटीवर जायचं, आणि पलीकडे उतरल्यावर भाईंदर लागतं, लोअर परळ नाही.

लोअर परळ म्हटल्यावर बाबा सावध झाले. त्यांचं ऑफिस तिथंच. मग मी मायेनं समजावलं. स्टेशन नालासोपारा, रिक्षानं वीस-पंचवीस मिनिटं, नाक्यावर टेम्पो अडकला तर देवाची मर्जी. विरार ते चर्चगेट साधारण 60 किलोमीटर. अंतराचं काही नाही, चढण्याचं आहे. सकाळी आठला नालासोपाऱ्यात गाडीत शिरणं ही कला आहे, आणि ज्यांना ती येत नाही ते आधी उलट्या दिशेनं विरारला जातात आणि जागा धरून त्याच गाडीनं परत येतात. म्हणजे मुंबईला जायचं तर आधी मुंबईपासून लांब जायचं. 1867 मध्ये विरारहून मुंबईला पहिली गाडी सुटली, तेव्हा दिवसाला एकच होती म्हणतात. त्या गाडीत खिडकी मिळाली असेल कुणाला तरी. त्यानंतर नाही.

आता तुम्ही म्हणाल, या बाईला बाहेरचे लोक नकोत. छे हो! आमच्या भागाला बाहेरच्यांची सवय अडीच हजार वर्षांची आहे. शेजारचं सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, भरभराटीचं बंदर. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. अशोकाच्या लेखांचे तुकडेही सोपाऱ्याला सापडले. म्हणजे सम्राटालासुद्धा इथं पाटी लावावीशी वाटली. 1534 मध्ये पोर्तुगीज आले, चर्च बांधून राहिले. 1739 मध्ये चिमाजी अप्पा आले. गावात आज एकीकडे निर्मळेश्वर आणि दुसरीकडे होली क्रॉस चर्च. नवऱ्याबरोबर लालबागच्या चाळीतून मी आले त्याला बावीस वर्षं झाली, आणि पहिल्या आठवड्यात मीच सासूबाईंना विचारलं होतं, "रात्री इतका आवाज कसला?" बेडूक होते. सासूबाईंनी ते सगळ्या आळीला सांगितलं. तेव्हा बाहेरच्यांबद्दल मी बोलू नये हे मला ठाऊक आहे. तरी बोलते.

कारण प्रकार हल्ली नुसतं विचारण्याच्या पुढे गेलेत. मागे एका नव्या इमारतीतल्या मंडळींनी चक्क कोंबड्याची तक्रार केली. पहाटे चारला आरवतो, बाळ उठतं. गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पण मी पेपरात वाचलंय, हे फ्रान्समध्येही झालं. मॉरिस नावाच्या कोंबड्यावर सुट्टीला येणाऱ्या शेजाऱ्यांनी खटला भरला आणि 2019 मध्ये कोर्टानं निकाल दिला तो कोंबड्याच्या बाजूनं. पुढे 2021 मध्ये तिथं गावाकडच्या आवाजांना आणि वासांना संरक्षण देणारा कायदाच झाला. आपल्याकडे असा कायदा आला तर सुक्या मासळीच्या वासाचं कलम पहिलं घाला, अशी माझी सूचना आहे. कळंबच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांमधल्या डीजेला मात्र त्या कायद्यात जागा देऊ नका. तो आवाज गावचा नाही, गाडीत बसून येतो आणि रविवारी रात्री गाडीत बसून जातो.

बरं, ज्या हिरवाईचे एजंट चौरस फुटाला पैसे लावतो, ती काही आपोआप उरलेली नाही. या पट्ट्यातले लोक त्यासाठी रस्त्यावर उतरले. 'हरित वसई'चं आंदोलन फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी उभं केलं. तेच पुढे 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा 29 गावांनी "आम्हाला वगळा" म्हणून वर्षानुवर्षं भांडण मांडलं. म्हणजे गंमत बघा. गाववाले म्हणत होते, आम्हाला शहर नको. आता शहरवाले म्हणतायत, आम्हालाही नको, म्हणून तुमच्या गावात येतो. आणि येताना लिफ्ट, पार्किंग, क्लबहाउस सगळं बरोबर घेऊन येतात. आमची पोरं? ती बोरिवलीत आणि कॅनडात. तिथून फोन करून विचारतात, "आई, केळी कशी आहेत?"

चहा झाला. एजंटाच्या मोबाइलवर इमारतीचं चित्र होतं. नाव इंग्रजीत, त्यात 'लेक' आणि 'व्ह्यू' दोन्ही. मी म्हटलं, या जागी तर बावखल होतं! एजंट म्हणाला, "काय होतं?" बघा, विकणाऱ्यालाच माहीत नाही.

मग मी त्या सगळ्यांना उचललं आणि मागच्या वाडीत नेलं. शेजारच्या दादांची वाडी आहे, सत्तरी ओलांडली तरी रोज पाच वाजता पंपावर हजर. वाडीच्या खोलगट कोपऱ्यात त्यांचं बावखल. पुस्तकात याला तळं म्हणतील, डबकं म्हणतील, दोन्ही चूक. पावसाचं पाणी उतारानं येऊन यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवतं. समुद्र इथून हाकेवर. गोडं पाणी वरून दाबून ठेवलं नाही तर खारं आत शिरतं. पूर्वी काठावर रहाट असायचा, आता पंप. त्याच पाण्यावर केळी, पानवेल, सोनचाफा, आणि राजेळी केळ्यांची सुकेळी. वाडीवाडीत असं एकेक होतं. भराव टाकून बुजवलं की मोकळा प्लॉट तयार, आणि वर इमारत. हल्ली काही गावांतली तरुण मुलं बावखलं उपसून साफ करतात, तेवढाच दिलासा.

पण पाणी हट्टी असतं. त्याला नोंदणीचा कागद वाचता येत नाही. ते जुन्या पत्त्यावरच येतं. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद, वसई-विरार बेटासारखं तुटलं. आणि गंमत म्हणजे त्याच भागात मे महिन्यात टँकर फिरतात. सूर्या पाणी योजनेच्या रोजच्या 403 दशलक्ष लिटरांत वसई-विरारचा वाटा 185 दशलक्ष लिटरांचा. ऐकायला भरघोस वाटतं. पण शहराच्या वाट्याला येणं वेगळं आणि आपल्या इमारतीच्या टाकीत पडणं वेगळं. 2011 मध्येच इथं 12 लाखांवर माणसं होती. तेव्हा "पाणी आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. वॉचमनला हळूच विचारा, "टँकर किती वाजता येतो?" तो वेळ सांगेल.

एवढं बोलून मी आवाज खाली आणला, कारण पुढची गोष्ट थट्टेची नव्हती. 2024 च्या अखेरीपासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानं पाडल्या. सांडपाणी केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर, खोट्या कागदांवर उभ्या राहिलेल्या. आत राहणाऱ्यांनी पै-पै करून घरं घेतली होती. मुलांची दप्तरं, देवघरं, गॅस सिलिंडर रस्त्यावर आले. त्या लोकांनीही कधीतरी रविवारी येऊन हवा बघितली असेल. म्हणून तिला म्हटलं, तुझ्या तक्त्यात व्हाइब खोडून टाक आणि तिथं लिही: बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, महारेराचा क्रमांक, जमीन बिनशेती आहे की हरित पट्ट्यातली. आणि कागद एजंटाच्या मोबाइलवर नाही, पालिकेत जाऊन बघ. तळं बघितलंस, आता तळ बघ.

ती लिहून घेत होती. चिमुरडी काठावर उकिडवी बसून बावखलातल्या काठीवर बसलेल्या खंड्याला बोलावत होती. खंड्या काही येईना. बाबा मात्र समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत उभे. मुंबईचा माणूस रिकामी जागा दिसली की एकच प्रश्न विचारतो. दादा पंपाचा पाइप गुंडाळत होते, त्यांनाच बाबांनी विचारलं, "काका, इथं समोर काय येणार आहे?"

दादांनी पाइप खाली ठेवला, त्या जागेकडे एकदा बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "पाणी."

एजंट हसला. आई हसली नाही. तिनं तक्त्यात नवा रकाना काढला.

आणि आता ऐका खरी खळबळ. काल तिचा फोन आला. टोकन दिलेलं नाही. म्हणते, "काकू, आम्ही जुलैत येतो. मोठा पाऊस पडेल त्या दिवशी. छत्री घेऊन इमारतीच्या गेटवर उभे राहतो, मग ठरवू." एजंट म्हणे हादरला आहे. नाक्यावर सगळ्यांना सांगत सुटलाय, "जुलैत कोण घर बघतं हो? असली गिऱ्हाइकं बाजार बसवतील!"

मी तिला सांगितलंय, ये. गमबूट आण. सायकल राहू दे.