फॉरमॅटची घाई

स्क्रीन बिघडली की धाराशिवच्या बाजारात पहिला सल्ला मिळतो, फॉरमॅट मारा. कळंबला जा, उमरग्याला जा, सल्ला तोच. दुखतंय कुठे हे विचारायच्या आधीच औषध ठरलेलं.

मुद्दा डीटीपीच्या दुकानांचा आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, साप्ताहिकांचे अंक, सगळी वर्षानुवर्षांची कामं पेजमेकरच्या फाइलींत पडून आहेत. नवा कॉम्प्युटर विंडोज ११चा, सॉफ्टवेअर एक्सपीच्या जमान्यातलं. मग नव्या मशीनमध्ये व्हर्च्युअलबॉक्स टाकायचं आणि त्याच्या पोटात एक्सपी चालवायची. मार्ग चांगला आहे, पैसेही वाचतात. फक्त त्या एक्सपीचं नेट बंद ठेवा, तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४लाच संपला.

मग ऐन लग्नसराईत आतल्या खिडकीत रेघा येतात, माउसमागे ठिगळं उरतात, नाहीतर सगळं काळं. आणि दुकानदाराच्या गळ्यात नवं ग्राफिक्स कार्ड मारलं जातं.

कशासाठी? आतल्या एक्सपीला ते कार्ड दिसतच नाही. तिला दिसतं व्हर्च्युअलबॉक्सने उभं केलेलं आभासी कार्ड. त्याची व्हिडिओ मेमरीसुद्धा तुमच्या रॅममधून जाते.

दुसरे म्हणतात, मेमरी वाढवा. जरा हिशेब करा. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला ४ बाइट. झाले साधारण ८ एमबी. सेटिंगमध्ये १२८ एमबीपर्यंत जाता येतं. तिथवर जाऊनही रेघा तशाच असतील, तर मेमरीला दोष देणं थांबवा.

तिसरे थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशनवर टिक करून ठेवतात, वेग वाढेल म्हणून. पत्रिका जुळवायला थ्रीडी कशाला लागतं?

स्क्रीन काळी पडली की आधी तीच टिक काढा.

मग ग्राफिक्स कंट्रोलर बघा. एक्सपीला व्हीबॉक्सव्हीजीए, विंडोज ७ आणि त्यापुढच्यांना व्हीबॉक्सएसव्हीजीए, लिनक्सला व्हीएमएसव्हीजीए. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. ते वाचायला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा कुणी सांगत नाही.

व्हर्च्युअलबॉक्स नवं केलं आणि आतले गेस्ट अ‍ॅडिशन्स जुनेच ठेवले, असंही सर्रास होतं. आतला ड्रायव्हर त्यातूनच येतो. दोन्ही एका आवृत्तीचे ठेवा.

दोष आत आहे की बाहेर? आतल्या विंडोजमध्येच स्क्रीनशॉट घ्या, फाइल बाहेर आणून उघडा. चित्र स्वच्छ असेल तर बहुधा आतली विंडोज निर्दोष आहे, बाहेरच्या मशीनचा ग्राफिक्स ड्रायव्हर तपासा. चित्रातही रेघा असतील तर आतला ड्रायव्हर आणि सेटिंग तपासा. दोन मिनिटांचं काम, आणि निम्मी शक्यता बाद.

मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो? मग ग्राफिक्सकडे बघूच नका. जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नव्हते, त्यांनी मराठी वळणं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली होती. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. श्रीलिपीची फाइल असेल तर श्रीलिपीचाच फॉन्ट टाका. त्यापायी ड्रायव्हर बदलणारा तुमचा दिवस वाया घालवतो.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलण्याआधी व्हर्च्युअलबॉक्सचा स्नॅपशॉट घ्या, म्हणजे फसलं तर मागे येता येतं. पाच सेटिंगं एकदम फिरवून स्क्रीन सुरू झाली, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कुणाला कळलं? पुढच्या महिन्यात पुन्हा तोच खेळ.

आता त्या फॉरमॅटबद्दल. आतली अख्खी एक्सपी, तिच्यातलं सॉफ्टवेअर, तिच्यात साठवलेली कामं, हे सगळं व्हीडीआय फाइलमध्ये असतं, आणि स्नॅपशॉट घेतला असेल तर त्यानंतरचे बदल वेगळ्या फाइलीत. जागा बदलली नसेल तर या फाइली सी ड्राइव्हवर, तुमच्या युजर फोल्डरमध्ये असतात. बॅकअप न घेता सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, म्हणजे रेघा घालवायला दुकानच पुसलं.

तेव्हा फॉरमॅट सुचवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, माझी व्हीडीआय फाइल कुठे आहे? उत्तर आलं नाही, तर मशीन उचला आणि घरी या.